पाटीच्या दगडाचा ओटा

आमच्या नव्या घरात मी एकच गोष्ट मागितली. स्वयंपाकाचा ओटा स्लेटचा हवा, म्हणजे शाळेतली पाटी ज्या दगडाची असते त्या दगडाचा. एवढं एक वाक्य बाबांसमोर बोलायला मला दोन आठवडे लागले. रोज जेवताना मी ते मनात तयार करायची, रोज बाबा विटांचं, सळ्यांचं, मिस्त्रीच्या खाड्यांचं बोलत राहायचे, आणि जेवण संपून जायचं.

शेवटी बोलले तेव्हा बाबांनी घास तसाच हातात धरला.

"पाटीचा? काऊन? आपल्याले काय ओट्यावर बाराखडी गिरवाची हाय का?"

आई हसली. मीही हसले, कारण अशा वेळी आपणही हसलं की लोक पुढचं ऐकून घेतात असं मला वाटतं. घेत नाहीत. बाबा म्हणाले, "ग्रॅनाइट पाह्य ना बेटा. काळाकुट्ट, आरशासारखा. तोंड दिसते त्याच्यात."

तेच तर मला नको होतं. पण तोंड दिसणाऱ्या दगडात वाईट काय, हे त्या क्षणी मला सांगता आलं नाही.

सांगायचं तर आधीच्या घरापासून सुरुवात करावी लागते. बाबा तेलंगणातल्या बेल्याकडच्या एका खेड्यात मराठी शाळेवर मास्तर होते. माझ्या इंग्रजी शाळेसाठी आम्ही आदिलाबादला आलो आणि एका किराणा दुकानदाराच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहिलो. बाबा मोटरसायकलनं शाळेत जाऊन येऊन करायचे. त्या घरात आईला पहिल्यांदा उभ्यानं स्वयंपाक करायला ओटा मिळाला. गावाकडे आमची चूल जमिनीवरच होती. हा ओटा कडप्प्याचा होता, काळा, वरून पॉलिश केलेला. आईला त्याचं फार कौतुक. पहिल्याच आठवड्यात तिनं त्यावर लिंबं कापली, चिंच कोळली, आंबाडीची भाजी चिरून तशीच ठेवली, आणि ओट्यावर पांढरट चट्टे उठले. ते घासून निघणारे नव्हते. डाग दगडावर पडला नव्हता, दगडच खाल्ला गेला होता.

हे आम्हा तिघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. घरमालकीणकाकूंना माहीत होतं. त्या गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे ते बघायला वर आल्या, जाताना आमच्या स्वयंपाकघरात डोकावल्या, ओट्यावरून एक बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "मास्तरीणबाई, लिंबू कापलं वाटते इथं."

"हो बाई," आई म्हणाली. "घासते मी."

"घासून नाही जात ते. असू द्या. तुमच्यात सवय नसंल ना ओट्याची."

मी तेव्हा आठवीत होते. दाराशी वही घेऊन बसले होते. 'तुमच्यात' म्हणजे कुणात, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. आईलाही लागलं नाही. ती नुसती मान हलवत राहिली.

त्यानंतर काकू टाकी बघायला जरा जास्तच येऊ लागल्या. वाईट असं कधी बोलल्या नाहीत. बोट फिरवायच्या, बोट पदराला पुसायच्या, कधी नुसतं 'हं' म्हणायच्या आणि खाली जायच्या. पण जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज आला की आई हातातलं टाकून फडकं घ्यायची. लिंबू ती ताटात कापू लागली, ताट मांडीवर घेऊन, खाली बसून. आंबाडी मोरीत. घरात ओटा होता आणि आई पुन्हा जमिनीवर बसून स्वयंपाक करत होती. मी शाळा संपवली, कॉलेज संपवलं, नोकरीला लागले, तोवर तसंच चाललं.

नोकरी एका ज्युनियर कॉलेजात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून. बोलावं कमी लागतं म्हणून मला ती आवडते. आमची लॅब जुनी आहे. तिच्यात खिडकीखाली एक लांब टेबल आहे, त्यावर राखाडी काळसर दगडाची लादी बसवलेली. मी नवीन असताना एकदा माझ्या हातून ॲसिडची बाटली त्यावर कलंडली.  सर लांबूनच म्हणाले, "स्लेट आहे ती, पुसून टाक." मी पुसलं. खाली काहीच नव्हतं. फेस नाही, चट्टा नाही, दगड आधी होता तसाच. इतकी वर्षं पोरांनी त्यावर काय काय सांडलं असेल, आणि त्याच्यावर कशाचीही खूण नव्हती. मला त्या क्षणी लॅब दिसत नव्हती. मांडीवर ताट घेऊन बसलेली आई दिसत होती.

ग्रॅनाइटलाही लिंबानं काही होत नाही, हे खरं आहे. बाबांनी ते म्हटलंही. पण चकचकीत ग्रॅनाइटवर पाण्याचा थेंब वाळला तरी दिसतो, ओलं बोट टेकलं तरी दिसतं. माझ्या मावशीकडे तसा ओटा आहे. मावशी दिवसभर तो पुसत असते. मला असा दगड हवा होता की ज्यावर डाग पडणार नाही आणि वाळलेला थेंबही दिसणार नाही. आईला तिच्या स्वतःच्या घरात, ओट्याजवळ उभं राहून, कशाचीही धास्ती न घेता लिंबू कापता यावं. बस, एवढंच.

पण हे मी घरी असं म्हणू शकले नाही. मला ते इंग्रजीत नीट मांडता आलं असतं. कडप्पा म्हणजे चुनखडी, आंबट लागलं की तिच्यातलं कॅल्शियम कार्बोनेट विरघळतं. स्लेटमध्ये सहसा ते नसतं, म्हणून तिला काही होत नाही. घरी हे शब्द काढले की बाबा मला मॅडम म्हणतात. आणि आईचं नाव घेऊन बोलायचं तर काकूंचं बोट मध्ये आलं असतं, ज्याबद्दल आम्ही तिघंही कधी बोललेलो नाही.

म्हणून मी एवढंच म्हटलं, "टिकतो बाबा तो दगड. आमच्या लॅबमधे आहे."

बाबांना पटलं, पण माझ्यामुळे नाही. 'पाटी' ह्या शब्दानं त्यांना धरलं. दोन दिवसांत ते शेजाऱ्यांना सांगू लागले, "मास्तरचं घर हाय. ओटा पाटीचाच पायजे." जणू त्यांनीच ते शोधून काढलं होतं.  मला श्रेय नको होतं, दगड हवा होता.

आईला विचारलं तर ती म्हणाली, "तुमाले जे आनाचं ते आना बापा. मले कोनाचं बोलनं नको खाचं, बस."

दगडाचं दुकान गावाबाहेर हमरस्त्यावर आहे. मोठमोठ्या लाद्या लोखंडी घोड्यांना टेकवून उभ्या, सगळीकडे पांढरी धूळ, आणि मागे कापण्याच्या मशीनचा असा आवाज की प्रत्येक वाक्य दोनदा बोलावं लागतं. मला एकदा बोलणंच जड जातं. दुकानाचे सेठ राजस्थानकडचे. बाबांनी स्लेट म्हटल्यावर ते म्हणाले, "मिलेगा ना मास्टरजी, क्यों नहीं मिलेगा," आणि मागच्या रांगेतल्या एका काळ्या लादीकडे बोट केलं.

लादी पॉलिश केलेली नव्हती. मंद काळी, लांबून बघितली तर अगदी आमच्या लॅबमधल्या टेबलासारखी. मी जवळ गेले. स्लेट थरांची असते, कडेला बारीक पानं रचल्यासारखी दिसते. ही कड एकसंध होती. मला शंका आली. माझ्या पर्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं अर्धं लिंबू होतं. मी ते ह्याचसाठी घेऊन आले होते. दोन थेंब टाकायचे, थोडं थांबायचं, पुसायचं. चट्टा उठला तर कडप्पा.

मी पर्सची चेन उघडली, तेवढ्यात बाबांनी लादीवरचा खडू उचलला. मापं लिहायला सेठची माणसं तो तिथे ठेवतात. बाबांनी एक पाऊल मागे घेतलं, हात झटकला आणि लादीच्या उजव्या कोपऱ्यात फळ्यावर लिहावं तसं लिहिलं. वार. खाली तारीख. त्याच्याखाली 'पट', आणि त्याच्याखाली 'हजर'. मग थांबून आमच्याकडे बघितलं, मोजल्यासारखं केलं, आणि 'हजर'पुढे तीन लिहिलं.

सेठ, बाबा, मी.

सेठ हसले. लाद्या उचलणारी माणसंही जवळ येऊन उभी राहिली. बाबांनी तळहातानं सगळं पुसलं. अक्षर स्वच्छ निघालं.

"अस्सल पाटी," बाबा म्हणाले. "पाह्यलं बेटा? खडू धरते आन् सोडतेबी. तीस वर्षं हेच केलं मी."

"आपने पास कर दिया मास्टरजी, अब क्या देखना," सेठ म्हणाले आणि बाबांकडेच बघत विचारलं, "बिटिया को पसंद है?"

खडू कशावरही धरतो. कडप्प्यावर धरतो, शहाबादी फरशीवर धरतो, घराच्या भिंतीवरही धरतो. पण पाटी म्हणजे लिहायची वस्तू, आणि लिहून बघितलं म्हणजे पाटी ओळखली, ह्यात बाबांना काहीच चूक दिसत नव्हती. ते निवृत्त झाल्यापासून इतकं खूश मी त्यांना पाहिलं नव्हतं. मी पर्सची चेन लावली आणि म्हटलं, "हो."

त्या 'हो'चा राग मला आजही येतो.

तीन दिवसांनी लाद्या नव्या घरी आल्या. मी कॉलेजातून थेट बांधकामावर गेले तेव्हा मिस्त्री निघून गेला होता आणि बाबा समोरच्या टपरीवर चहा घेत होते. लाद्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या. मी एकीच्या मागच्या कोपऱ्यावर लिंबू पिळलं, घड्याळ बघत थांबले, आणि ओढणीच्या टोकानं पुसलं. रुपयाएवढा पांढरट ठिपका. हाताला खरखरीत लागत होता.

बाबा आले. मी त्यांना तो दाखवला. म्हटलं, "बाबा, हा कडप्पा आहे."

"कोन म्हनते?"

"लिंबानं डाग पडला बघा. स्लेटला पडत नाही."

बाबा वाकले, ठिपका पाहिला, बोटानं घासला. मग सरळ उभे राहिले. "पाटीवर लिंबू कोन पिळते? पाटीवर लेखन करतात. ते मी सोता करून पाह्यलं."

"पण बाबा..."

"बेटा, हजारो पाट्या गेल्या माह्या हातातून. फुटक्या, सांध्याच्या, पत्र्याच्या. पाटी मले कळत नाही म्हनतेस?"

 ह्याला उत्तर होतं, पण ते दिलं असतं तर ते दगडाबद्दल राहिलं नसतं. मी ओढणीचं टोक हातात धरून उभी राहिले. बाबा गाडी सुरू करत म्हणाले, "चाल. सकाळी आठले मिस्त्री कापाले घेईल."

रात्रभर मी स्वतःशी भांडले. एकदा कापली, मध्ये सिंकसाठी भोक पाडलं की लादी परत जात नाही. आठच्या आत मला कुणाला तरी काहीतरी सांगायचं होतं, आणि सांगण्यासारखं जे होतं ते माझं सांगून झालं होतं. आईला उठवून सांगावं असंही वाटलं. पण आई म्हणाली असती, "राहू दे ना वं, कोन्ताबी दगड असला तं काय," आणि ती पुन्हा ताट मांडीवर घेऊन बसली असती. ते मला चाललं नसतं.

सकाळी साडेसातला मी बांधकामावर जाऊन बसले, लाद्यांच्या समोर, वाळूच्या ढिगावर. मिस्त्री उटनूरकडचा, पन्नाशीचा, तेलुगू बोलणारा. त्याच्याशी बोलायला माझ्याकडे शाळेतली पुस्तकी तेलुगू आहे. मी ती जुळवत म्हटलं, आज कापू नका, ही पलका नाही. पलका म्हणजे तेलुगूत पाटी.

त्यानं विडी विझवली आणि अगदी सहज म्हणाला, "इदि पलका रायि कादम्मा. कडपा रायि."

म्हणजे, पाटीचा दगड नाहीच हा, कडप्पाच आहे.

"तुम्हाला माहीत होतं?"

माहीत नसायला काय झालं, तो म्हणाला, आयुष्य दगडात गेलं. मग बोलला का नाहीत? त्यावर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी बिनडोक बोलले. "सार रासिंडु गदा." सरांनी लिहून बघितलं ना. सर सगळ्यांना सांगत होते, पाटी आहे, पाटी आहे. मधे मी कोण बोलणारा?

आणि वर त्याला बरंच वाटलं होतं. बासरच्या देवळात सरस्वतीसमोर लेकरांना पहिलं अक्षर पलकेवर गिरवायला लावतात, त्याच्या नातीलाही तिथेच नेलं होतं. त्या दगडावर खरकटी भांडी ठेवायची हे त्याला मनातून पटलेलं नव्हतं. तेव्हा हा कडप्पा निघाला ते चांगलंच झालं म्हणाला.

मला हसू आलं नाही. सेठला माहीत होतं, मिस्त्रीला माहीत होतं, मलाही दुकानातच शंका आली होती. बाबांचा आनंद मोडू नये म्हणून आम्ही तिघंही वेळेवर बोललो नव्हतो, आणि आमच्या तिघांच्या ह्या चांगुलपणात आईच्या ओट्याला पुन्हा लिंबाचे डाग पडणार होते.

मी कॉलेजात फोन करून सुट्टी घेतली. नोकरीला लागल्यापासून पहिलीच. ऑटो केला आणि दुकानात गेले.

सेठ म्हणाले, "काला पत्थर सब एक ही है बिटिया. और मास्टरजी ने तो पास किया था."

 मशीन चालू होतं. म्हणून मी बोललेच नाही. पर्समधून लिंबू काढलं, त्यांच्या टेबलावर नमुन्याचे तुकडे होते त्यातल्या काळ्यावर पिळलं, आणि खुर्चीवर बसले. सेठ बघत राहिले. त्यांचा फोन आला, त्यांनी तो घेतला, ठेवला. मी बसलेलीच. कुणी काही बोलत नसताना बसून राहणं मला लहानपणापासून जमतं. लोकांना ते जमत नाही हे मला त्या दिवशी कळलं. सेठनी पाच मिनिटांत तीनदा चहा विचारला. मग मी त्यांच्याच टेबलावरच्या कागदानं तुकडा पुसून त्यांच्यासमोर धरला.

त्यांनी ठिपका पाहिला आणि म्हणाले, "तो रसोई में नींबू गिराते ही क्यों हो?"

"गिरेगा," मी म्हटलं. "रोज़ गिरेगा."

मग त्यांचा सूर बदलला. खरी स्लेट इथे कुणी मागत नाही, म्हणून ठेवत नाही. आंध्रातून मागवावी लागेल, आठ-दहा दिवस लागतील. एवढी लांब लादी मिळणार नाही, तीन तुकडे येतील, जोड दिसतील. कडा ठिसूळ असतात, भांडं आदळलं तर टवका उडेल. "फिर मत बोलना कि सेठ ने बताया नहीं." हे सगळं खरं होतं. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर मी हात जोडून आभार मानले असते.

मी 'ठीक है' म्हणेपर्यंत त्यांनी बाबांना फोन लावला होता. "मास्टरजी, बिटिया आई है. बोल रही है पत्थर वापस..." मग ते ऐकत राहिले. पलीकडून बाबा काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. सेठनी फोन ठेवला आणि म्हणाले, "बोले, मॅडम जो बोलती है वो करो."

पुढचे दहा दिवस मी घरात मॅडम होते. भाजीत मीठ कमी पडलं तर "मॅडमले इचारा, टेस करून सांगतील." लाइट गेली तर "मॅडम, लिंबू पिळून पाहा." शेजारी ओट्याचं विचारायला आले तेव्हा बाबा म्हणाले, "आमाले काय कळते? आमी मराठी शाळेचे." त्यांनी ते हसत म्हटलं आणि शेजारीही हसले.  मला इंग्रजी शाळेत त्यांनीच घातलं होतं. रोज मोटरसायकलवर ऊन खात त्यांनी ती शाळा मला पुरवली होती, आणि तिथे शिकलेली एक गोष्ट मी घरात वापरली तर ती त्यांच्याविरुद्ध गेली. मी एकदा जवळ जाऊन 'बाबा' एवढंच म्हटलं. त्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. 

स्लेट आली. तीन तुकडे, काळसर, मधूनच किंचित हिरवट झाक. मी बोटाच्या पेरानं वाजवून बघितली. टणक, स्वच्छ आवाज आला, म्हणजे आत तडा नव्हता. ह्या वेळी लिंबू मी सगळ्यांसमोर पिळलं. काही झालं नाही. बाबा तिथे होते. ते म्हणाले, "जोड दिसून राह्यले," आणि पाण्याची मोटर बघायला गेले.

बसवताना मिस्त्री दगडावर चपलेनं चढला नाही. चपला काढल्या, पोतं अंथरलं, मग वर चढून भिंतीच्या टाइल्स लावल्या. पॉलिशचं मशीन मात्र तो दोनदा घेऊन आला. बिनचमकीचा ओटा म्हणजे काम अर्धवट, लोक त्याला नाव ठेवतील असं त्याचं म्हणणं. दोन्ही वेळा मी मध्ये उभी राहिले. मला कुणाच्या वाटेत उभं राहायची सवय नाही.  पण तिसऱ्या वेळी त्यानं ते आणलं नाही.

बुद्धवंदना झाली, आम्ही राहायला गेलो. पाहुण्यांनी ओट्याला हात लावून पाहिला. कुणी म्हटलं छान आहे, कुणी म्हटलं सिमेंटचाच ठेवला का. मला काहीच वाटलं नाही. मी सोमवारची वाट बघत होते, पाहुणे गेल्यावर आई एकटी स्वयंपाक करेल त्या दिवसाची.

सोमवारी मी संध्याकाळी घरी आले. आई ओट्याजवळ उभी होती, लिंबू कापत होती. उभी राहून. क्षणभर मला वाटलं, झालं. मग मी जवळ गेले. ओट्यावर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत प्लास्टिक पसरलेलं होतं. टेबलावर टाकतात ते, जाड, गुलाबी फुलांचं. बाजारातून माप देऊन कापून आणलेलं. सिंकपाशी नीट गोल कापलेलं, शेगडीखाली सरकवलेलं. दगडाचा एक कोपराही दिसत नव्हता.

"आई, हे काय?"

"काही नाही. टाकलं जरासं."

"काऊन? ह्याला डाग पडत नाही. त्याच्यासाठीच तर आणला."

"हो ना, मले माहीत हाय." आईनं सुरी खाली ठेवली. "पन तू किती भांडून आनला. तुह्या बाबानं किती दिवस तोंड फुगवलं. आन् माह्या हातून काही झालं तं?"

मी प्लास्टिक उचललं. तिच्याच वाटीतला चिंचेचा कोळ दगडावर ओतला, थोडं थांबले, फडक्यानं पुसला. "बघ. आहे का काही?"

"नाही ना, काहीच नाही," आई म्हणाली. पण ती दगडाकडे बघत नव्हती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, मी खूश झाले का ते.

मी प्लास्टिक गुंडाळून पलंगाखाली टाकलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते परत ओट्यावर. मी काढलं. तिसऱ्या दिवशी परत. मी समजावलं, सुरुवातीला हळू, मग थोडं कमी हळू. तेल सांडलं तर दगड काळा पडतो, पण पुसून सगळीकडे सारखं तेल चोळलं की झालं. टवका उडाला तर उडाला, आपला ओटा आहे. आई प्रत्येक वाक्याला मान हलवायची. प्रत्येक वाक्य तिला पटायचं. बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "मॅडमचं ऐक," आणि सकाळी प्लास्टिक तिथेच असायचं.

काल मी आले तेव्हा तिनं त्याचे कोपरे भिंतीला टेपनं चिकटवले होते. मला राहवलं नाही. मी ओरडले. घरात कधी ओरडल्याचं मला आठवत नाही. माझाच आवाज मला अनोळखी वाटला. "काढ ते! कितीदा सांगायचं तुला? एवढं साधं कळत नाही का?"

बाबांनी पेपर खाली केला. आईनं हात पदराला पुसले आणि अगदी शांतपणे, मला समजावल्यासारखं म्हणाली, "पाह्य. असं बोलनं नको खाचं, म्हनूनच टाकून राह्यली मी."